शेवंतीचा शालू

वडशाच्या बाजारात खुशाल बारसागडेला खुशाल म्हणून हाक मारणारे थोडेच. पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला हा माणूस वांग्याचा भाव करायला बसला की भाजीवाली म्हातारी तराजू खाली ठेवून म्हणायची, "या राणीसाहेब, तुमाले कायचा भाव." त्यात चेष्टा होती, पण निव्वळ चेष्टा नव्हती. तरुणपणी आरमोरीच्या मंडईच्या जत्रेत बैलबंडीवर बसून तिनं याला राणी हेमवतीच्या वेशात पाहिलं होतं. पदर कसा घ्यावा अन् मान कशी वळवावी ते त्याच्याकडून शिकली होती, आणि तशी मान वळवली म्हणून घरी सासूच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

धान कापून झालं, दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगाव मंडई भरते, शंकरपटात बैल धावतात आणि रात्री मंडपात अख्खं गाव, शिवाय शेजारची गावं, घोंगड्या पांघरून नाटकाला बसतात. बाईचं काम पुरुषानंच करायची रीत होती त्या काळात हेमवती म्हणजे खुशाल आणि राजा म्हणजे गुणवंतराव. कंपनीही गुणवंतरावांचीच. गोष्ट साधीच होती. राजा कानभऱ्यांचं ऐकून राणीला वनवासात धाडतो, शेवटच्या प्रवेशात ती परत येते आणि राजा तलवार तिच्या पायांशी ठेवून माफी मागतो. त्या प्रवेशाला बाया पदरानं डोळे पुसायच्या आणि बापे हातातली बिडी ओढायची विसरायचे.

मग काळ फिरला. नागपूरहून बाया यायला लागल्या, आणि लोकांना नाटकात बाई बाईच पाहिजे झाली. यात खोटं काहीच नव्हतं, खुशाललाही ते कळत होतं. गुणवंतरावांनी कांताबाई नावाची नटी आणली आणि खुशालला कपड्यांच्या पेटीवर बसवलं. ज्या शालूत तो स्वतः उभा राहायचा तोच आता कांताबाईला नेसवायचा, आणि निऱ्या वाकड्या पडल्या तर बोलणीही त्यानंच खायची. कांताबाई स्वभावानं मोकळी होती, त्याला भाऊ म्हणायची, त्यामुळं तिच्यावर धड रागावताही येत नसे. दुःखात रागावायलासुद्धा कोणी मिळू नये, यासारखं दुःख नाही.

त्याची एकच इच्छा उरली होती. भरल्या मंडपासमोर एकदा, फक्त एकदा, हेमवती होऊन उभं राहायचं. हे त्यानं बायकोला, गिरजाबाईला, सांगितलं, तर ती म्हणाली की म्हातारपणी नाचायचे डोहाळे लागले म्हणायचे. तिचंही चुकत नव्हतं. लग्न झाल्यापासून पाणवठ्यावरच्या बाया तिला विचारत आल्या होत्या, "का वो, घरी आणला तो नवरा का सवत?" तिनं त्याचं एकही नाटक पाहिलं नव्हतं, मुद्दाम.

त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्यात गावच्या बुद्धविहारात एक जपानी भंते वर्षावासाला आले. हिंदी मोडकंतोडकं, चेहरा कायम हसरा. एक दिवस भोजनदान खुशालच्या घरी होतं. जेवण झाल्यावर भंतेजी अंगणात गिरजाबाईच्या शेवंतीपाशी उकिडवे बसले, रोपाला बराच वेळ न्याहाळलं आणि नखानं त्याचा शेंडा खुडून टाकला. पाहुण्याला, त्यातून भंतेजींना, काय बोलणार? ते गेल्यावर मात्र गिरजाबाईनं घर डोक्यावर घेतलं. पंधरवडा उलटला तेव्हा त्या रोपाला एका शेंड्याच्या जागी चार फांद्या आल्या होत्या, आणि ती गुमान भंतेजींसाठी खीर घेऊन विहारात गेली.

तिच्यासोबत गेलेल्या खुशालला तिथं सारी हकीकत कळली. भंतेजींचा बाप शेवंतीचा कारागीर होता. त्यांच्या गावी थंडीच्या तोंडाला नाटकातले राजे, राण्या, योद्धे शेवंतीचे करतात. बांबूच्या कामट्यांचा माणूसभर सांगाडा, त्याच्या आत शेवाळात गुंडाळलेली जिवंत मुळं, आणि फांद्या एकेक करून बाहेर ओढून अशा बांधायच्या की फुललं म्हणजे अंगभर फुलांचा पोशाख. तोंड आणि हात तेवढे बाहुलीचे. फुलं तोडायची नाहीत, झाडाला रोज पाणी, म्हणून पोशाख महिनाभर ताजा. भंतेजी हातवारे करून सांगत होते आणि खुशालच्या डोळ्यांपुढं एकच माणूस उभं राहत होतं. त्याला भूकतहान सुचेना.

भंतेजी वर्षावास संपवून राजगीरकडं गेले. जाण्याआधी त्यांनी कामट्या वाकवायला, मुळं गुंडाळायला आणि कधी खुडायचं, कधी हात आवरायचा एवढं शिकवलं. पहिल्या सालची रोपं वैशाखाच्या उन्हात करपून गेली. आपल्याकडचा वैशाख म्हणजे झाडाला काय, दगडालाही घाम फुटावा. पुढच्या वर्षी खुशालनं हिवाळ्यातले फुटवे विहिरीच्या कडेला, ओल्या गोणपाटाच्या आडोशानं जगवले आणि आपल्या वाट्याच्या अंघोळीचं पाणी त्यांना घातलं. गिरजाबाई म्हणायची, मानसाचा वास येते, पण रोपं हिरवीगार हायेत.

कंपनीची तालीम धानाच्या एका गोदामाच्या आवारात चालायची. कपड्यांच्या पेट्याही तिथंच, म्हणून खुशालनं राणीही तिथंच उभी केली. घेराच्या तळाशी कुंड्यांचं कडं, कमरेला आणि खांद्यांना शेवाळ नि धानाच्या तणसात बांधलेल्या मुळांच्या पोटल्या, बांधायला केळीच्या सोपटाची दोरी. अंगासाठी पिवळी शेवंती, काठापदराला विटकरी, चोळीला पांढरी. सांगाडा आतून पोकळ ठेवून पाठीला फट ठेवली, कारण पोटल्यांना पाणी द्यायला आत शिरावं लागे. शेंडे खुडता खुडता पोळा आला, आणि बघावं तिकडं पानंच पानं झाली. उंच, हिरवी, बिनडोक्याची बाई आवारात उभी. गुणवंतराव धंद्याचे पक्के. त्यांनी लगेच हिशेब मांडला की राजा बागेत राणीच्या पुतळ्यापुढं विलाप करतो त्या शेवटच्या आधीच्या प्रवेशात हा पुतळा ठेवला तर गर्दी लोटेल. त्यांनी जाहिरातीत छापूनही टाकलं: जिवंत फुलांची राणी.

आता खुशाल पडला नाटकवाला. नायिका उभी असली की तिच्यावर उजेड पाहिजे, ही गोष्ट त्याच्या रक्तात भिनलेली. पोळ्यानंतर तालमी सुरू झाल्या, आवारात मोठे बल्ब लागले, तर यानं एक जादा बल्ब मागून घेतला आणि नेमका राणीच्या समोर, माथ्याच्या उंचीवर टांगला. तालीम आटोपली तरी तो विझवायचा नाही. झाडाला ऊन मानवतं, मग रात्रीचा उजेड का मानवू नये, असा त्याचा साधा हिशेब. लेकराला माया करावी तशी त्यानं तिला उजेडाची माया केली.

आश्विन लागला. बाजारात भाजी-फुलं विकणाऱ्या मरारणींच्या टोपल्यांत शेवंतीच्या कळ्या दिसायला लागल्या, गिरजाबाईच्या अंगणातल्या रोपालाही कळ्या धरल्या, आणि राणी मात्र हिरवी ती हिरवीच. खुशालनं शेणखत बदललं, पाणी वाढवलं, मग कमी केलं. तालमीला आलेला प्रत्येक जण येताजाता विचारायचा, "हिरवी नवरी हळदीले कधी बसते?" पडदा ओढणारा बुधू तर तिला पाहून मुद्दाम म्हशीसारखा हंबरायचा. खुशाल हसून घालवायचा, पण घरी गेला की ताटावर बसून राहायचा, घास उचलत नसे.

एका सकाळी गिरजाबाई शिदोरी घेऊन आवारात आली. खुशाल पेट्या उन्हात टाकत होता. ती राणीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "अवो जी, तुमची राणी पाठमोरी फुलून राह्यली. सामने लोकाईले लाजते का काय?"

खुशालला वाटलं, हीही चेष्टा. तरी तो मागं गेला. पाठीवर, फटीच्या दोन्ही बाजूंना, बोटभर फांद्यांवर बारीक बारीक कळ्या होत्या. समोर एकही नाही. तेच खत, तेच पाणी, तीच रोपं. तो तिथंच खाली बसला आणि वर बघायला लागला. पाठीमागं गोदामाच्या भिंतीला कंपनीचा जुना काळा पडदा गुंडाळून उभा केला होता, आणि समोरून येणारा बल्बचा उजेड राणीच्याच अंगानं अडायचा, मागं पोचला तेवढा तो पडदा गिळायचा. राणीच्या पाठीवर रात्रभर सावली. अंगणातल्या रोपावर तर काळोखच. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की रात्री लांबल्या हे कळल्याशिवाय शेवंती कळी धरत नाही, आणि आपण तिला रात्र होऊच दिली नाही. भंतेजींनी हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या बापाच्या वाफ्यात कोणी तालीम करत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. नाटकवाल्याच्याच हातून व्हायची ती.

त्यानं जादा बल्ब तेव्हाच काढून फेकला आणि गुणवंतरावांकडं धावला. तालीम दुसरीकडं हलवा, नाहीतर उजेड कमी करा, म्हणून विनवलं. गुणवंतराव म्हणाले की अंधारात तलवारबाजीची तालीम केली तर राणी फुलायच्या आधी राजा मरेल. ते खोटं नव्हतं. मग खुशालनं तो जुना काळा पडदाच मागितला. फाटका पडदा, त्याला कोण नाही म्हणतं? मात्र त्याला भोकं इतकी की उंदरांनी त्याच्यावरच पिढ्या काढल्या असाव्यात. गिरजाबाईनं तो घरी नेला आणि घरातली जुनी लुगडी फाडून एकेक भोक बुजवलं. ही बाई नवऱ्याच्या नाटकासाठी पहिल्यांदाच सुई हातात घेत होती, आणि शिवताना तोंडानं शिव्याच देत होती. शिव्या दिल्या तरी टाके बारीक होते.

उन्हं कलली की राणीवर पडदा पडायचा आणि सकाळी उन्हं वर आल्यावर उठायचा. नाटकाच्या उलटं. काही दिवसांतच समोरच्या फांद्यांवर मोहरीएवढ्या कळ्या दिसायला लागल्या. पण कळी धरणं वेगळं आणि फुलणं वेगळं. दिवाळी आली तेव्हा राणीच्या अंगावर हिरवे मणीच होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कंपनी पहिल्या खेळाला निघाली ती राणीला सोडून, आणि ज्या गावात जाहिरात लागली होती तिथं लोकांनी फुलांची राणी कुठाय म्हणून बोंब मारली. गुणवंतरावांना चारचौघांत मान खाली घालावी लागली.

तो राग त्यांनी खुशालवर काढला. परतल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पुढच्या सालापासून कपडेपट नागपूरहून माणसासकट येणार, खुशालनं आता घरी बसावं. आणि या हंगामातला शेवटचा मोठा खेळ पौषात, वैनगंगेकाठच्या शंकरपटाला आहे. तोवर फुललं तर आणा, नाहीतर शेळ्यांना घाला. कांताबाई मध्ये बोलायला गेली तर तिलाही गप्प केलं. म्हणजे खुशालपुढं आता एकच मंडप उरला होता.

पण हंगामात खुशालला कपड्यांबरोबर गावोगाव फिरणं भाग. इकडं गोदामात नवं धान यायला लागलं, गाड्या उतरवायला अंधार पडल्यापासून बल्ब जळायचे. राणीवर पडदा कोण टाकणार? तो गिरजाबाईला हे सांगायचं कसं या विचारात दोन दिवस घुटमळला. शेवटी तीच म्हणाली, "जा तुमी. तुमच्या सवतीले मी निजवते." आणि तिनं ते केलं. धानोऱ्याला, आरमोरीला, कुठं कुठं खेळ होत राहिले, आणि वडशात एक बाई रोज दिवेलागणीला गोदामात जाऊन पडदा टाकत होती, सकाळी उचलत होती, फटीतून आत शिरून पोटल्यांना पाणी देत होती. हमाल हसायचे. ती त्यांच्या मायबापापासून सुरुवात करायची, मग ते हसायचे थांबायचे.

खुशालच्या मागं आता दुसरं दुखणं लागलं, राणीच्या तोंडाचं. कागदाचा लगदा, डिंक, वरून सफेदा, अशी तोंडं तो मुक्कामा-मुक्कामाला बनवत होता. एक झालं ते कांताबाईसारखं. दुसरं कोण्या पाटलिणीसारखं. तिसरं बरं उतरलं होतं, पण त्याला जाणवलं की ते आपल्या मेलेल्या आत्याचं आहे. एकही हेमवती नव्हती. पौषाच्या तोंडाला तो घरी आला तेव्हा ती सगळी तोंडं ओसरीवर ओळीनं मांडली आणि हताश होऊन बसला. गिरजाबाई तांदूळ निवडत होती.

ती म्हणाली, "तुमी तिले कधी पाह्यलं?"

"कोनाले?"

"हेमवतीले. आरशातच पाह्यलं ना? मंग दुसरं तोंड कुठून आनाल? तुमचंच लावा."

खुशालनं ओळीतलं एकेक तोंड पालथं घातलं. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं, म्हणून ती पुन्हा तांदळाकडं वळली. त्याला मात्र पहिल्यांदाच कळलं की इच्छा पुरी व्हायची वाट गेले काही महिने आपण स्वतःच्या हातानं बांधत होतो. सांगाडा पोकळ होता, मागं फट होती, रोज पाणी द्यायला तो त्यातच उभा राहत होता. डोकं तेवढं वर काढायचं बाकी होतं.

त्या दिवसापासून तो पहाटे वैनगंगेच्या वाळूत जाऊन आवाज लावायला लागला. बाईचा आवाज, कितीतरी वर्षं गळ्यात पडून असलेला. सुरुवातीला तो फाटका यायचा, पण हळूहळू सुरात आला. बुधूला सांगावं लागलं, कारण पडदा त्याच्या हातात, आणि हंबरणारा बुधू हे ऐकून असा गंभीर झाला की खुशाललाच हसू आलं. कांताबाईलाही सांगावं लागलं, कारण शेवटचा प्रवेश तिचा होता. ती म्हणाली, "घ्या भाऊ, बिनधास्त घ्या. तेवढीच माही थंडीतून लवकर सुटका." गुणवंतरावांना कोणीच सांगितलं नाही. त्यांना एवढंच कळवलं की पुतळा आणू, तोंड मात्र झाकलेलं, ते खेळाच्या वेळीच उघडू.

राणी फुलली. शंकरपटाच्या आठवडाभर आधी फुलायला लागली आणि पटाच्या दिवशी अशी फुलली की गोदामातले हमाल पोती टाकून बघायला आले. खांद्यापासून जमिनीपर्यंत पिवळाधमक शालू, विटकरी काठ, पांढरी चोळी, आणि सगळं जिवंत, थंडीत दव पिऊन टवटवीत. पाठीवरची फुलं मात्र कळ्या आधी धरल्यामुळं आधीच फुलून सुकली होती. ती गळून गेली होती, पण पाठ कोण बघतंय. तिला बैलबंडीवर उभी करून नेली. बंडीच्या दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती, आणि खड्डा आला की खुशाल धावत पुढं होऊन चाक धरत होता. शंकरपटात तिकडं बैल सुटले होते, तरी बंडी दिसल्यावर लोकांनी बैलांकडं पाठ फिरवली. असं त्या पटावर कधी घडलं नव्हतं.

मंडप भरला. वडशाची भाजीवाली म्हातारी नातवंडांसकट पुढं येऊन बसली होती. तिच्या बाजूला, डोक्यावरून पदर घेऊन, गिरजाबाई. रंगपटात खुशालनं आरसा पुढ्यात घेतला. मुरदाडशिंगाच्या रंगाचा हात चेहऱ्यावर फिरला, भुवया रेखल्या, वेणी बांधली, आणि आरशात ती हळूहळू परत आली. गालावर सुरकुत्या होत्या, पण वनवासातून आलेल्या राणीला सुरकुत्या नसतील तर कुणाला असतील? त्याला रडू फुटायला लागलं होतं ते त्यानं रंग खराब होईल म्हणून दाबलं. मग तो बुधूच्या आधारानं फटीतून आत शिरला, फुलांच्या बाह्यांतून हात काढले आणि मान वर केली. ओल्या शेवाळाचा गारवा अंगाला लागला आणि नाक शेवंतीच्या कडू वासानं भरून गेलं. तोंडावर बुधूनं पातळ ओढणी टाकली.

बागेच्या प्रवेशाचा पडदा वर गेला. आधी एक दीर्घ सुस्कारा आला, मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग टाळ्या. खुशाल हलला नाही. भंतेजींच्या गावची बाहुलीही नसेल इतका तो स्थिर होता. गुणवंतराव राजाच्या पोशाखात आले, पुतळ्यापुढं उभे राहिले आणि टाळ्या ओसरल्यावर विलापाला लागले. हेमवती, तू गेलीस आणि या बागेचा वसंत गेला, वगैरे. शेवटी पुतळ्याची ओढणी दूर करायची होती. त्यांनी ती केली. समोर रंगवलेलं तोंड होतं, डोळे मिटलेलं. गुणवंतराव किंचित थबकले. त्यांना वाटलं, खुशालनं तोंड झकास केलंय.

पुतळ्यानं डोळे उघडले.

"महाराज," पुतळा म्हणाला, "वनातल्या वाघांनी मला ओळखलं. आपण का ओळखलं नाहीत?"

ही शेवटच्या प्रवेशातली ओळ होती. तो आवाज म्हाताऱ्यांनी ओळखला, बायांनी ओळखला, ज्यांनी कधी ऐकला नव्हता त्यांनीही काहीतरी मोठं घडतंय एवढं ओळखलं. पडद्याआड पुस्तक धरून बसलेला माणूस वेड्यासारखा पानं उलटायला लागला. गुणवंतरावांचा चेहरा पांढरा पडला होता. पण ते जन्मभर राजा झालेले नट होते. डोक्याला काही सुचायच्या आत तोंडानं उत्तर दिलं, त्याच चालीत, त्याच सुरात, जसं ते कैक वर्षं देत आले होते.

"वाघाला डोळे असतात, हेमवती. राजाला फक्त कान असतात."

मग दोघांना कोणी थांबवू शकलं नाही. ओळीवर ओळ येत गेली. राणीनं वनवासाचं सांगितलं, राजानं रिकाम्या महालाचं. खुशालला वाकता येत नव्हतं, पाऊल टाकता येत नव्हतं, तो फक्त मान वळवत होता आणि एक हात उचलत होता. पण मान वळवली की शालूवरची फुलं शहारायची आणि बाया पदर तोंडाला लावायच्या. इतक्या वर्षांत तो इतका चांगला कधीच उभा राहिला नव्हता, हे त्याला स्वतःला कळत होतं, आणि त्याचा आनंद त्याच्या छातीत मावत नव्हता. मंडपात पुढं बसलेल्या गिरजाबाईचा पदर डोक्यावरून केव्हाच घसरला होता. ती आ वासून बघत होती, जणू या माणसाशी आपली ओळख कुणीतरी आत्ताच करून देत होतं.

गुणवंतरावांनी कमरेची तलवार सोडली, गुडघ्यावर बसले आणि ती फुलांच्या घेरापाशी ठेवली. पुस्तकात पुढं 'क्षमा कर, देवी' असं आहे. ते काही केल्या येईना. मंडप वाट बघत होता. मग गुणवंतराव खाली मान घालून, हलक्या आवाजात, भलतंच बोलले.

"खुशाल, मी चुकलो गा. तुले पेटीवर बसवलो."

ते कुणाला ऐकू जावं म्हणून बोलले नव्हते, पण त्यांच्या डोक्यावर माईक टांगलेला होता. अख्ख्या मंडपानं ऐकलं, मंडपाबाहेर बंड्यांवर बसलेल्यांनीही ऐकलं. हेमवतीनं या जागी रडायचं नसतं, हे खुशालला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मान तशीच ताठ ठेवली आणि ओठ न हलवता कुजबुजला, "गुणवंतभाऊ, पुस्तकातलं बोला. लोकं पाहून राह्यले."

हेही माईकनं सगळीकडं पोचवलं. मग मात्र मंडप फुटला. माणसं उभी राहिली, घोंगड्या हवेत उडाल्या, भाजीवाली म्हातारी नातवाच्या खांद्यावर थापा मारत हसत होती आणि रडत होती, आणि सगळीकडून एकच आरोळी आली, वन्स मोअर. गुणवंतराव उठले, तलवार उचलून कमरेला लावली आणि डोळे पुसून पहिल्या जागी जाऊन उभे राहिले. प्रवेश पहिल्या ओळीपासून पुन्हा झाला. या खेपेला राजानं पुस्तकातली माफी खणखणीत आवाजात मागितली, आणि राणीनं त्याला मनाला येईल तेवढा वेळ गुडघ्यावर बसवून मगच माफ केलं.